दिवा दिसू नये, झाड दिसावं

"वॉर्म देऊ का व्हाइट?"

पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार मान वर न करता विचारत होता. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि त्याच्या डोक्यावर छतापासून काउंटरपर्यंत टांगलेले झाडून सगळे दिवे चालू होते. मी म्हणालो, "बागेसाठी हवेत." "ते कळलं साहेब. वॉर्म का व्हाइट?" तेवढ्यात केबलचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला एक जण "बाजू, बाजू" करत आला. मी काउंटरला चिकटलो आणि त्या गडबडीत बोलून गेलो, "व्हाइट द्या. उजेड चांगला पडेल."

बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेचं काय वाट्टेल ते मिळतं. मुंबईकरांना लोहार चाळ, दिल्लीकरांना भगीरथ पॅलेस, तशी पुणेकरांना तपकीर गल्ली. पण दिवा पारखायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. शंभर दिवे एकदम पेटलेल्या दुकानात एकेकाचा उजेड कसा पडतो हे कळायला वावच नसतो. जो जास्तीत जास्त डोळ्यांत घुसतो तोच आपल्याला चांगला वाटतो. मी तिथून चौदा दिवे घेऊन निघालो. पन्नास वॅटचे दोन फ्लड, जमिनीत खुपसायचे सात वॅटचे सहा स्पाइक, पायवाटेसाठी गुडघाभर उंचीचे चार बोलार्ड आणि फाटकाच्या खांबांवर ठेवायला दोन गोल हंड्या.

हे सगळं ताईसाठी. ताई शाळेतून निवृत्त झाल्यावर वाईच्या बाहेर आठ गुंठ्यांत घर बांधून राहिली. घर लहान, बाग मोठी. पुढे तुळशी वृंदावन, कुंपणाच्या भिंतीलगत जुना चाफा, मागे आंबा, कोपऱ्यात पारिजातक, आणि शेजाऱ्याच्या बाजूला कुंड्यांमधून ओळीनं शेवंती. मागच्या हद्दीला ओढा. ओढ्यापलीकडे शेतं आणि त्यांच्या वर पांडवगड. दिवाळीला भाचरं येणार, तर बागेत जरा शोभेचे दिवे असावेत एवढंच तिचं म्हणणं होतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी बटण दाबलं. ताई पायरीवर उभी होती. काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "वऱ्हाड कधी येतंय?"

तिचं खरं होतं. बागेचं लग्नाचं लॉन झालं होतं. फ्लडनं आंब्याचा बुंधा चुना फासल्यासारखा दिसत होता, पानं प्लॅस्टिकची वाटत होती, बोलार्डच्या उजेडानं डोळे दिपून पायवाटेवरची पायरीच दिसत नव्हती. त्या पायरीला ठेच मीच पहिल्यांदा खाल्ली. आणि पांडवगड गायब. रोज रात्री आभाळापेक्षा एक छटा काळी अशी त्याची रेघ दिसायची. ती आता कुठेच नव्हती. बागेच्या कुंपणापलीकडे नुसती काळी भिंत उभी राहिली होती.

असं का होतं हे नंतर जरा आकडे मांडून बघितल्यावर कळलं. उजेड मोजायचं माप लक्स. एक मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड टाकते. दोन मीटरवर गेलात की त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पाव लक्स. आणि पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड तेवढाच: पाव लक्सच्या आसपास. ज्या चांदण्यात आपण कोजागरीला गच्चीवर बसून एकमेकांचे चेहरे ओळखतो, दुधातला केशराचा धागा बघतो, ते चांदणं म्हणजे दोन मीटरवरची एक मेणबत्ती. माझा पन्नास वॅटचा एक फ्लड पाच मीटरवर साठेक लक्स टाकत होता. पौर्णिमेच्या दोनशे-अडीचशे पट! डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तो सराव मोडायला एक नागडा दिवा पुरतो. बागेत जिथे कुठे उभं राहावं तिथून दोन-तीन दिवे थेट डोळ्यांत येत होते, तेव्हा गड दिसणार कसा?

तरी ते दिवे आठ महिने राहिले. आणलेत तर असू देत, ही आपली मध्यमवर्गीय खोड. पुढे जून आला आणि पावसानं मला ते काढण्याच्या कष्टांतून सोडवलं. गणपतीपर्यंत चौदांतले नऊ गेले होते. एका स्पाइकच्या काचेआड तर बोटभर पाणी, त्यात दोन मेलेले किडे आणि तरीही तो मिणमिणत होता.

मग ताईनं मामांना बोलावलं. मामा म्हणजे गावातले जुने वायरमन. ते कुणाचे मामा आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी मेलेले दिवे उचलून बघितले, एकाच्या बुडाची चिकटपट्टी नखानं सोलली आणि विचारलं, "ताई, तुम्हाला रात्री बागेत काय बघायचंय?"

हा प्रश्न तपकीर गल्लीत मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

मामांची पद्धत अशी, की आधी काहीच विकत घ्यायचं नाही. अमावास्येच्या आगेमागे, जेवणं उरकल्यावर, घरातले दिवे मालवून बागेत जायचं. हातात दोन बॅटऱ्या. एक जण बॅटरी घेऊन झाडापाशी बसणार, दुसरा घराच्या पायरीवर, तिसरा दिवाणखान्याच्या खिडकीत. "खालून मार. आता बाजूनं. आता भिंतीवर मार, झाड मध्ये येऊ दे." असं तासभर चाललं. ताई पायरीवरून हुकूम सोडत होती, मी आंब्याखाली गुडघ्यावर, आणि मामा बिडी विझवून चाफ्यामागे. शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय हरवलंय का?"

त्या तासाभरात जे कळलं ते कुठल्याही कॅटलॉगात नव्हतं. चाफ्याला समोरून उजेड टाकला की तो सपाट होतो, नुसता फोटो काढल्यासारखा. तोच दिवा बुंध्याजवळ जमिनीत ठेवून वर केला की त्याच्या फांद्यांची एकेक वळणं उठून येतात, आणि मागच्या भिंतीवर दुसरा चाफा उगवतो, सावलीचा, मूळ झाडाच्या दीडपट. दिवा भिंतीपासून जितका लांब आणि झाडाच्या जितका जवळ, तितकी सावली मोठी. वारा सुटला की दोन्ही झाडं हलतात. थंडीत चाफा पानं टाकतो तेव्हा तर तो फक्त या दिव्यासाठीच जन्माला आल्यासारखा दिसतो.

आंब्याचं नेमकं उलट. आंबा दाट. खालून उजेड टाकला तर बुंधा आणि खालच्या पानांची पोटं एवढंच दिसतं, वरचा सगळा घुमट काळा. दाट झाडाला दिवा वरून हवा. मामांनी शिडी लावून बॅटरी एका बेचक्यात बांधली, तोंड खाली. आणि खालच्या मातीवर पानांच्या सावल्यांची नक्षी पसरली. हुबेहूब चांदणं, फक्त चंद्र आपल्या बेचक्यात. दिवा मात्र फांदीला खिळ्यानं ठोकायचा नाही, तारेनं आवळायचा तर त्याहून नाही. रुंद पट्टा सैलसर बांधायचा आणि दरवर्षी तो मोकळा करून बघायचा, कारण झाड जाड होतं आणि तार सालीत रुतते.

तुळशीला दिवा लावायचा की नाही यावर मात्र वाद झाला. मी म्हणत होतो, वृंदावनाच्या पायाशी एक छोटा ठेवू. ताई म्हणाली, "तिथे रोज संध्याकाळी मी दिवा लावते. त्याला आणखी दिवा कशाला?" विषय संपला.

वृंदावनाच्या अंगात एक दिवळी आहे. मला वाटतं, बागेतल्या दिव्यांबद्दल जे शिकायचं ते या शब्दात आधीपासून भरलेलं आहे. दिवळी म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा. जुन्या वाड्यांत दर चार पावलांवर असायची. आपण समजतो, ज्योतीला वारा लागू नये म्हणून. ते आहेच. पण दिवळी तीन बाजूंनी ज्योत झाकते, वरून छत देते, आणि उजेड फक्त पुढे नि खाली सोडते. बाजूनं येणाऱ्याला ज्योत दिसत नाही, पायाखालची फरशी दिसते. आजकालचे प्रकाशयोजनाकार ज्याला 'शील्डेड फिटिंग' म्हणून चढ्या भावानं विकतात ती हीच वस्तू. श्रीनगरच्या शालिमार बागेत मोगलांनी पाण्याच्या पडद्यामागच्या भिंतीत अशाच कोनाड्यांच्या ओळी केल्या. दिवसा त्यांत फुलदाण्या, रात्री दिवे. पाणी समोरून पडतं, उजेड त्याच्या आडून येतो. दिवा कुणालाच दिसत नाही, पाणी सगळ्यांना दिसतं.

दीपमाळेचं गणित निराळं आहे, पण गोष्ट तीच. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही अंगांना नवसाच्या दगडी दीपमाळा उभ्या आहेत. दीपमाळ पेटते तेव्हा तिच्या एकाही दिव्याकडे बघताना डोळे मिटावे लागत नाहीत. प्रत्येक दिवा इतका क्षीण की त्याच्या बळावर वाचताही येणार नाही, पण सगळे मिळून काळोखात एक खांब उभा करतात. तोच एकूण उजेड एका दिव्यात कोंबा आणि त्याच जागी लावा. खांब नाहीसा होईल, नुसता भगभगाट उरेल. म्हणूनच बागेत शोभेच्या दिव्यांची बारीक माळ निभावून जाते आणि फ्लड जात नाही. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी छोटे बल्ब हातानं जोडून लावले. आज झाडाझाडावर चढणाऱ्या तोरणांची ती आजी. माळ बुंध्याला करकचून गुंडाळण्यापेक्षा फांदीवरून सैल सोडलेली बरी दिसते, हे माझं मत. आणि लुकलुकणारा खटका असेल तर तो पहिल्याच दिवशी काढून टाकावा. रंग बदलणाऱ्या दिव्यांबद्दल मी बोलत नाही. चाफ्याला दर पाच सेकंदांनी जांभळा करून कुणाचं काय साधतं ते देव जाणे.

आता त्या "वॉर्म का व्हाइट"कडे येतो, कारण माझी पहिली चूक ती. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा असतो: २७००, ३०००, ४०००, ६५००. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, आणि त्यालाच बाजारात 'कूल' म्हणायचं. हे उफराटं वाटतं, पण लोहाराच्या भट्टीपाशी उभं राहिलेल्या माणसाला पटेल. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे रंग पांढऱ्याकडे गेला की ताप वाढलेला. पणतीच्या ज्योतीचा आकडा १९०० च्या आसपास. जुना पिवळा बल्ब २७००. आणि ६५०० म्हणजे ढगाळ दुपारचं आभाळ. मी रात्री आठ वाजता ताईच्या बागेत दुपार आणून ठेवली होती.

एलईडीच्या पोटात मुळात निळाच दिवा असतो. तो बनवायला दशकं गेली. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या कणावर पिवळ्या चकाकणाऱ्या द्रव्याचा लेप देतात, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लेप जाड आणि तांबूस तर उजेड उबदार, पातळ तर निळसर. मामांना हे नोबेल वगैरे माहीत नाही. दिवा बंद असताना त्याच्या काचेतून आत बघून ते सांगतात, "हा हळदीसारखा दिसतोय ना, हा घ्या. लिंबासारखा नको." वीट, माती, दगड, झाडाची साल या सगळ्यांना हळद मानवते. पानांसाठी थोडं पुढे, ३००० पर्यंत जायला हरकत नाही. त्याच्या वर बागेत चढायचं कारण मला सापडलेलं नाही.

खिडकीतून बॅटरी बघणाऱ्या तिसऱ्या माणसाचं काम तेव्हा मला कळलं नव्हतं. ताईच्या दिवाणखान्याला मोठी सरकती काच आहे. दिवसा त्यातून बाग दिसते, रात्री त्यात आपणच दिसतो, सोफ्यावर बसलेले. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू केनानला फिलिप जॉन्सन या वास्तुकारानं १९४९ साली स्वतःसाठी चारी भिंती काचेचं घर बांधलं, तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण उभी राहिली. रात्र झाली की चारी बाजूंना आरसे. रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकारानं त्यावर उपाय केला तो घराबाहेर: आतले दिवे मंद केले आणि बाहेरच्या झाडांवर उजेड टाकला. काच पुन्हा काच झाली. आमच्याकडे ते पाच वॅटमध्ये झालं. चाफ्याखाली एक दिवा लावला, दिवाणखान्यातली ट्यूब बंद करून कोपऱ्यातला दिवा ठेवला, आणि काचेतला सोफा विरघळून तिथे चाफा आला. ताई आता बागेत कमी आणि त्या काचेपाशी जास्त बसते. विशेषतः पावसाळ्यात.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. कोकण, मावळ, वाई, महाबळेश्वर या पट्ट्यात बागेतला दिवा घेताना बाकी सगळं नंतर, आधी पाणी. खोक्यावर 'आयपी' लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोडे सोसेल. ६५ म्हणजे पाण्याची धार सोसेल. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडून राहिला तरी चालेल. यातली मेख अशी, की धार सोसणं आणि बुडणं या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. ६५ चा दिवा भिंतीवर उत्तम. तोच आळ्यात खुपसला आणि आळ्यात पाणी साचलं की तो बुडाला. माझे स्पाइक ६५ चे होते. मी त्यांना आळ्यात लावलं होतं.

शिवाय पाणी नेहमी पुढच्या दारानं येत नाही. दिवा पेटलेला असताना तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. वरून पावसाची सर आली की तो गार होतो, आतली हवा आक्रसते आणि जिथे फट सापडेल तिथून ओलावा आत ओढून घेते. रोज संध्याकाळी एक श्वास. फट बहुधा केबल शिरते तिथे असते, कारण तिथे रबराच्या ग्लँडऐवजी कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. माझ्या बाबतीत तो कुणीतरी मीच होतो. मामा मातीत एकही सांधा ठेवत नाहीत. सांधा जमिनीच्या वर, झाकणाच्या डब्यात. केबल पाइपातून दीड-दोन फूट खोल, वर वाळू, त्यावर विटांचा एक थर. "विटा कशाला?" मी विचारलं. "कुदळ विटेवर वाजली की माळी थांबतो. केबलवर वाजत नाही."

बारा व्होल्टचे दिवे घ्यावेत की थेट घरच्या २३० चे, यावर लोक हिरिरीनं भांडतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही. ओल्या मातीत, लहान मुलं आणि कुत्री असलेल्या बागेत ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण त्याचा एक गुण लोक विसरतात आणि मग दिव्याला शिव्या देतात. पाचगणीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात मामांना बोलावणं आलं होतं, "शेवटचे दिवे मिणमिणतायत" म्हणून. एक स्क्वेअर एमएमची बारीक तार, तीस मीटर लांब, टोकाला तीस वॅटचे दिवे. बारा व्होल्टला तीस वॅट म्हणजे अडीच अँपिअर. जायची आणि यायची मिळून साठ मीटर तार, तिचा अडथळा एक ओहमच्या थोडा वर. म्हणजे पावणेतीन व्होल्ट वाटेतच खलास, आणि टोकाला पोचतात सव्वानऊ. हेच दिवे २३० व्होल्टवर असते तर त्याच तारेत व्होल्टचा सातवा हिस्साही गेला नसता. उपाय सोपा: तार जाड घ्या, आणि ट्रान्सफॉर्मर घराजवळ ठेवण्याऐवजी बागेच्या मध्यावर ठेवा. २३० चेच दिवे लावायचे असतील तर मात्र अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी यांना पर्याय नाही. तिच्या अंगावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं, हे किती घरांत माहीत असेल?

सौर दिव्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. तार नाही, खोदाई नाही, बिल नाही. पण तळहाताएवढं पॅनेल म्हणजे फार तर अर्धा वॅट. पाच तास लख्ख ऊन मिळालं तर अडीच वॅट-तास, गळती जाऊन दोन. रात्री सहा तास लावायचा तर वाट्याला येतो एक तृतीयांश वॅट. वाटेची कड दाखवायला तेवढा पुरे. झाड उजळायला नाही. आणि जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तो संध्याकाळी सातला लागतो आणि जेवणं व्हायच्या आत झोपतो. आतला सेल एक-दोन वर्षांनी बदलावा लागतो. लोक सेल न बदलता दिवाच फेकतात. सावलीतल्या बागेत तर तो लावूच नये.

इथवरचं सगळं माणसांच्या सोयीचं झालं. बागेत आणखीही रहिवासी असतात.

पहिल्या दिवाळीत फ्लडभोवती किड्यांची जी भिंगरी फिरत होती ती बघून मला वाटलं, हे बिचारे उजेडाला भुलतात. तसं नाही. लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी इथल्या संशोधकांनी, त्यांत सॅम फॅबियन आणि यश सोंधी होते, अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. उडताना किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्रीही जमिनीपेक्षा आभाळच उजळ राहिलेलं, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ, हा त्याचा हिशेब. शेजारी दिवा आला की तो बिचारा पाठ तिकडे करतो, वळतो, आणि वळतच राहतो. खालून वर मारलेल्या उजेडावरून गेला तर चक्क उलटा होऊन खाली आपटतो. हे वाचल्यावर चाफ्याखालच्या दिव्याकडे बघायची माझी नजर बदलली. दिवा काढला नाही. खोटं कशाला बोलू. पण तो आता साडेनऊला आपोआप बंद होतो, आणि जून-जुलैत लावतच नाही.

काजव्यांचं तर सगळं बोलणंच उजेडाचं. भंडारदरा, पुरुषवाडी या अकोले तालुक्यातल्या गावांत मेअखेर-जूनमध्ये हिरडा, बेहडा, जांभळाच्या झाडांवर काजवे लागतात ते बघायला गाड्या भरून लोक जातात, आणि गाड्यांचे दिवे झाडांवर टाकतात. नर चमकतो, मादी बसल्या जागेवरून चमकून उत्तर देते. मध्ये दिवा आला की एकमेकांना ऐकू न आल्यासारखं होतं. ताईच्या ओढ्याकडेला पहिल्या दोन वर्षांत दहा-वीस तरी दिसायचे. चौदा दिव्यांच्या वर्षी एकही दिसला नाही. यंदा जूनमध्ये तिनं तीन मोजले.

अंधार हीसुद्धा राखायची गोष्ट आहे, याचा आंतरराष्ट्रीय शिक्का महाराष्ट्रात नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी जंगलाकडेच्या सिल्लारी, वाघोली अशा गावांत रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले. गावं अंधारात गेली नाहीत. उजेड फक्त रस्त्यावर पडायला लागला, जिथे तो हवा होता.

तर आता ताईच्या बागेत दिवे आहेत पाच. चाफ्याखाली पाच वॅटचा एक, आंब्यात तोंड खाली केलेले तीन-तीन वॅटचे दोन, आणि ज्या पायरीला मी ठेचाळलो तिच्या दोन टोकांना, पायाच्या घोट्याच्या उंचीवर, आणखी दोन. मिळून सतरा वॅट. रोज तीन तास धरले तर महिन्याला दीड युनिट. आधीचे चौदा दिवे महिन्याला याच्या कितीतरी पट युनिट खात होते. पारिजातकाला दिवा नाही. तो रात्री वासावरून कळतो. ओढ्याच्या बाजूला काहीच नाही, आणि त्यामुळे पांडवगड परत आला आहे.

चाफ्याचा दिवा पायरीवरून डोळ्यांत यायचा. कंपनीची टोपी मागवायला गेलो तर ती दिव्याच्या निम्म्या किमतीची. मामांनी प्लंबरकडून तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणला, करवतीनं तिरका कापला, आतून-बाहेरून काळा रंग मारला आणि दिव्यावर चढवला. झाली दिवळी.

उरली शेवंती. गेल्या दिवाळीत घराकडच्या कुंड्या फुलांनी लगडल्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीलगतच्या नुसत्याच वाढत राहिल्या, हिरव्यागार, एक कळी नाही. खत तेच, माती तीच. शेवंती फुलते ती रात्र मोठी व्हायला लागली की. रात्र मध्येच उजेडानं तोडली तर झाडाला वाटतं दिवस अजून मोठेच आहेत, आणि ते पानंच काढत बसतं. फुलशेतीवाले हे मुद्दाम करतात. भाव येईपर्यंत शेवंती थोपवून धरायला तिच्यावर रात्री बल्ब लावतात. आमच्याकडे ते काम शेजारच्या काकांचा फ्लड फुकटात करत होता. चोरांच्या भीतीनं लावलेला, रात्रभर चालू, तोंड थेट आमच्या भिंतीकडे.

सांगायचं कसं? ताईनं सहा महिने काढले या प्रश्नात. "त्यांच्या घरचा दिवा, आपण कोण बोलणार?" शेवटी श्रावणात काका सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आले, पायरीवर टेकले, चाफ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा दिवा कुठून येतो तेच कळत नाही हो. काय केलंय?" ताईनं पाइपाचा तुकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी मामा शिडी घेऊन काकांच्या भिंतीवर होते. फ्लडच्या जागी बारा वॅटचा दिवा आला, तोंड खाली, फाटकापुरता, वर पाइपाची टोपी. काकांना आता फाटकाशी उभा असलेला माणूस दिसतो. आधी फक्त दिवा दिसायचा, असं ते स्वतःच म्हणाले.

हा लेख पूर्ण करत होतो तेव्हा ताईचा फोन आला. भिंतीकडच्या तिसऱ्या कुंडीत सात कळ्या आहेत, बाकीच्यांत अजून काही नाही. "आणि तुझ्या त्या चाफ्याच्या पाइपात मुंग्यांनी घर केलंय. मामांना म्हटलं, राहू दे दिवाळीपर्यंत."